माथेरान, पण सूर्योदय वगळून

माथेरानला जाऊन आलेली कोणतीही बाई आधी काय सांगते? "अगं, पहाटे साडेचारला उठलो, बॅटऱ्या घेतल्या आणि अंधारातच पॅनोरमा पॉइंट गाठला. काय तो सूर्योदय!" मी दोनदा माथेरानला जाऊन आले आणि दोन्ही वेळा मला सूर्योदय दिसला नाही. पहिल्या खेपेला वाटेतच मटकन खाली बसले म्हणून, आणि दुसऱ्या खेपेला मुळात गेलेच नाही म्हणून. तुमच्यापैकी कुणाला रुमॅटॉइड संधिवात असेल, ल्यूपस असेल, किंवा डोळे नि तोंड सतत कोरडं पडणारा तो शोग्रेनचा विकार असेल, नाहीतर घरात सासूबाईंना, नणंदेला, लेकीला असेल, तर माझी दुसरी खेप कशी पार पडली ते जरूर वाचा. हे सगळे विकार पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त होतात. ल्यूपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात म्हणजे बघा.

माथेरानचं एक वैशिष्ट्य तुम्हांला ठाऊक असेलच. दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी मोटारीला मज्जाव आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट ह्या डोंगरावर चढून आले आणि नंतर इथं थंड हवेचं ठिकाण वसलं. तेव्हापासून तांबड्या मातीच्या ह्या रस्त्यांवर माणसं आणि घोडीच चालत आली आहेत. हवा स्वच्छ, हॉर्नचा आवाज नाही, पोरं मोकळी सोडावीत. सगळं खरं. पण जिथं वाहन नाही, तिथं प्रत्येकाच्या पायांतलं बळ चारचौघांत उघडं पडतं. घरी आपण ओट्याला टेकून, मोड्यावर बसून, 'जरा पडते हं' म्हणून वेळ मारून नेतो. माथेरानला ते जमत नाही.

२०१४ च्या डिसेंबरात आम्ही चौघं गेलो होतो. मला संधिवात होऊन तीन वर्षं झाली होती. औषधं लागू पडली होती, बोटांची सूज उतरली होती, अंगठी पुन्हा बोटात जाऊ लागली होती. निघण्यापूर्वी रक्त तपासलं तर ई.एस.आर. चांगला, सी.आर.पी. चांगला. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! आता खुशाल हिंडा." झालं! आमच्या मंडळींनी पहिल्याच पहाटे पॅनोरमा पॉइंटचा बेत ठरवला. बाजारापासून चार-पाच किलोमीटरची ती वाट. मी कडक थंडीत, आखडलेल्या पायांनी निघाले आणि अर्ध्या वाटेवर माझ्यातलं काहीतरी संपलं. दुखत होतं असं नाही. धापही लागली नव्हती. पाय उचलावा ही इच्छाच जणू कुणीतरी काढून घेतली होती. झाडाच्या मुळावर बसले ती उठेचना. मुलं अंधारात कंटाळून उभी, आणि आमचे हे, अगदी रागानं नव्हे, पण गोंधळून म्हणाले, "रिपोर्ट तर सगळे चांगले आलेत ना? मग?"

त्या 'मग?'ला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मला स्वतःलाच वाटलं, खरंच, मग? मी ढोंग तर करत नाही ना?

उजाडल्यावर ह्यांनी बाजारातून हातरिक्षा आणली. पुढं एक माणूस ओढणारा, मागून एक ढकलणारा, आणि मध्ये मी शाल गुंडाळून. चढावर त्या दोघांचा श्वास मला ऐकू येत होता. मैत्रिणींनो, तशी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं फर्मावलं, ती बातमी मी दोनदा वाचली. डिसेंबर २०२२ पासून तिथं विजेवरच्या रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्याच होत्या. त्या ओढणाऱ्यांच्याच हाती द्याव्यात, हे मला पटतं.

असो. तर पुन्हा माथेरानचं नाव काढायचं नाही असं ठरवूनही गेल्या हिवाळ्यात मी गेले, आणि ह्या वेळी माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर, दोघीच. वहिनी पासष्टीच्या, काटक, पहाटे उठून चार माणसांचा स्वयंपाक उरकून देवळात जाणाऱ्या. त्यांना माझं दुखणं कळत होतं, पण माझं दमणं कधी पटलं नव्हतं. त्या बोलून दाखवत नसत एवढंच.

जायचा दिवस मी माझ्या गोळीप्रमाणे ठरवला. मला आठवड्यातून एकदा, शनिवारी, मेथोट्रेक्सेट घ्यावी लागते आणि रविवार पुरा मळमळीत नि मरगळीत जातो. तेव्हा सोमवारी निघायचं, गुरुवारी परतायचं. गर्दीही कमी आणि खोलीचं भाडंही. (जाता जाता सांगते, ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. डबीवर वार लिहून ठेवा.)

नेरळला उतरलं की पलीकडेच ती छोटी गाडी उभी असते. दोन रुळांत अंतर २ फूट. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय ह्यांनी १९०४ मध्ये काम सुरू केलं, वडिलांनी पैसा पुरवला, १६ लाख रुपये खर्च आला आणि १९०७ च्या मार्चमध्ये पहिली गाडी वर गेली. अंतर जेमतेम २१ किलोमीटर, पण वेळ लागतो दोन तासांच्या वर. टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत अर्ध्या तासात पोचता येतं, पण तिथून पुन्हा अडीच-तीन किलोमीटर चालणं किंवा अमन लॉजहून गाडीची वाट पाहणं आहेच. पावसाळ्यात नेरळहून गाडी नसते, तेव्हा हाच मार्ग. मी तरी म्हणेन, हिवाळ्यात जा आणि नेरळपासूनच गाडीनं जा. चढायचं काम ती करते, आपण खिडकीत बसायचं.

जुम्मापट्टी गेल्यावर वहिनींनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाल्या, "एक विचारू का? राग मानू नकोस. दमतो तर आम्ही पण. तुझं दमणं वेगळं ते काय असतं गं?"

इतक्या वर्षांत सरळ असं कुणी विचारलंच नव्हतं. गाडी वळणावळणानं चढत होती, वेळ भरपूर होता. मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हांलाही सांगते.

"वहिनी, तुम्हांला मलेरिया झाला होता आठवतंय?" मी म्हटलं. "ताप चढायच्या आधीच कसं झालं होतं? जेवण नको, दिवा नको, कुणी बोलायला नको. कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडावं, बस्स." ते सगळं केवळ जंतू करत नाहीत बरं. ते आपलंच शरीर करतं. जंतू आत शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना सावध करायला काही प्रथिनं सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टी.एन.एफ., इंटरल्यूकिन-६, इंटरफेरॉन ही त्यातली मोठी नावं. हे निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात, आणि पोटातून मानेवाटे वर जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरूनही. निरोप पोचला की मेंदू हुकूम काढतो : आता हिंडायचं नाही, खायचं नाही, सगळी ताकद लढाईला द्यायची. दावणीची गाय आजारी पडली की मान टाकून बसते, वैरणीला तोंड लावत नाही. बेंजामिन हार्ट ह्या अमेरिकन पशुवैद्यानं १९८८ साली हेच मांडलं, की आजारी जनावराचं असं बसणं हा दुबळेपणा नव्हे, ती जगण्याची युक्ती आहे.

मलेरिया चार-आठ दिवसांत उतरतो, निरोप थांबतात. आमच्यासारख्यांत जंतू नसतातच. शरीर स्वतःच्याच सांध्यांना परकं समजून लढत असतं आणि त्या लढाईला अंत नसतो. म्हणून 'पडून रहा' हा निरोपही रोजच येत राहतो. तुम्ही दिवसभर राबून दमता, रात्री झोपलात की सकाळी ताज्या. मी आठ तास झोपून उठते ती दमलेलीच उठते. फरक आहे तो हा.

"मग औषधानं ती लढाई थांबली की दमणंही जायला हवं," वहिनी म्हणाल्या. म्हणजे पुन्हा तोच 'मग?' आला.

काही जणींचं जातंही. लुधियान्याला जन्मलेले डॉक्टर रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन ह्यांनी १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात संधिवाताच्या रुग्णांना टी.एन.एफ.ला अटकाव करणारं औषध पहिल्यांदा दिलं. कित्येकांची मरगळ सांध्यांची सूज उतरायच्या आधीच, काही तासांतच कमी झाली. २०११ मध्ये जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी असंच औषध देऊन रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तर दुखण्याला मिळणारी मेंदूची प्रतिक्रिया २४ तासांत निवळलेली. सांधे तेव्हा होते तसेच. म्हणजे हा निरोप थेट मेंदूला जातो, ह्याचा तो पुरावाच म्हणा ना.

पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. अशा औषधांनी थकव्यात सरासरी फरक पडतो तो थोडा ते मध्यमच. रिपोर्ट चांगले आणि बाई मात्र गळालेली, हे फार जणींच्या बाबतीत घडतं. लंडनच्याच किंग्ज कॉलेजनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार दिलासा देऊन गेला. हिपॅटायटिस सी ह्या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत असत, म्हणजे तो निरोपच बाहेरून टोचायचा. अशा ५५ रुग्णांवर त्यांनी लक्ष ठेवलं. औषध बंद होऊन सहा महिने झाले तरी १८ जणांचा थकवा गेलेला नव्हता. त्यांच्या रक्तात तेव्हा काही सापडतं का पाहिलं, तर इतरांहून वेगळं काहीच नाही! सुरुवातीला मात्र, औषध चालू असताना, ह्याच १८ जणांच्या शरीरानं जास्त जोरानं उसळी घेतली होती. गॅस बंद केला तरी कढईतलं तेल बराच वेळ तापलेलंच असतं, तसं काहीसं. रक्ताच्या बाटलीत ते दिसत नाही. ई.एस.आर. आणि सी.आर.पी. रक्तातला दाह मोजतात, मेंदूत काय चाललंय ते त्यांना कळत नाही. शोग्रेनच्या रुग्णांत तर रक्तातल्या सायटोकाइनचा आणि थकव्याचा सरळ मेळच बसत नाही, असं संशोधकांना दिसून आलं आहे. तेव्हा 'रिपोर्ट चांगले' ह्याचा अर्थ 'थकवा खोटा' असा कुणी लावू नये. नवऱ्यानं नाही, डॉक्टरांनी नाही, आणि मुख्य म्हणजे आपण स्वतः नाही.

आता ह्याचा उलटा अर्थही काढू नका. सगळंच खापर सायटोकाइनवर फोडून गप्प बसलं तर साधं कारण हातचं सुटतं. थायरॉइड बिघडलेली असते, रात्रभर सांधे ठणकून झोप झालेली नसते, मन खचलेलं असतं, हिमोग्लोबिन नऊवर आलेलं असतं. हिमोग्लोबिनची गंमत ऐका. इंटरल्यूकिन-६ वाढलं की यकृतातून हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक जास्त सुटतं आणि ते शरीरातलं लोह कोठारात कुलूपबंद करून टाकतं. मग गूळ-दाणे, पालक, खजूर कितीही खा, आकडा हलत नाही. म्हणून ह्या दुखण्यात लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नयेत. कमतरता खरी की कुलूप लागलंय, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

तो एकुलता एक बोगदा आला, गाडीतली पोरं किंचाळली. वहिनी काही बोलल्या नाहीत. संत्र्याच्या साली कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. माकडांपुढं टाकायच्या नाहीत, हे त्यांनी पाटीवर वाचलं होतं.

खोली मी बाजाराजवळची, तळमजल्यावरची आणि सकाळी गरम पाणी मिळेल अशी घेतली होती. निसर्गरम्य बंगले लांब जंगलात असतात, ते आपल्यासाठी नव्हेत. जेवायला म्हणून दीड किलोमीटर चालायचं आणि पॉइंट बघायला ताकद उरायची नाही. बायांनो, पहिल्या आठवड्यात हात सैल सोडला की पंचविसाव्या तारखेला डब्यात डाळ नसते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अंगातल्या ताकदीचाही तसाच महिना असतो.

आणि पहाटेचं म्हणाल तर ऐका. इंटरल्यूकिन-६ आमच्या अंगात रात्रीच्या शेवटच्या प्रहरी वाढतं. सकाळी सांधे लाकडासारखे असतात ते त्यामुळंच. म्हणजे ज्या घटकेला सगळं माथेरान बॅटऱ्या घेऊन पॅनोरमाकडं निघतं, ती माझ्या दिवसातली सगळ्यात वाईट घटका! २०१४ साली हे मला कुणी सांगितलं असतं तर! ह्या वेळी आम्ही आठला उठलो. गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले, बोटं मोकळी केली, सावकाश पोहे खाल्ले. दहाला निघालो ते खंडाळा पॉइंटला. बाजारापासून अगदी जवळ, चढ फारसा नाही आणि खाली दरी तीच. पॉइंट लांब असला म्हणजे जास्त सुंदर असतो असं थोडंच आहे?

चालायचं मात्र टाळलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण थकवा आहे म्हणून पलंग धरला की पायांतलं बळ जातं आणि थकवा दुप्पट होतो. ब्रिटनमध्ये अशा विकारांच्या ३६७ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना टेलिफोनवरून ज्याच्या-त्याच्या प्रकृतीला झेपेल असा व्यायाम शिकवला, काहींशी थकव्याबद्दल आणि दिवस कसा आखावा ह्याबद्दल शिस्तशीर बोलणी केली. दोन्ही गटांचा थकवा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाला आणि वर्ष उलटल्यावरही तो फरक टिकून होता. घरबसल्या, फोनवरून! आपल्याकडे असं काही सुरू व्हायला काय हरकत आहे?

मी स्वतःपुरता नियम केला, की दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं बसणं, बरं वाटत असलं तरी. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून काय उपयोग? दुपारी जेवून दोन तास आडवी. मग चार वाजता शार्लट तलाव. वाटेवर जांभळीची गर्द सावली आहे, कडेनं बसायला दगड आहेत. तलावाकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. वहिनी दर्शन घेईपर्यंत मी पायरीवर बसले. तिथं एक घोडेवाला आला, "बसा बाई, सगळे पॉइंट दाखवतो." घोडं गरीब होतं, पण मी नको म्हटलं. जुन्या संधिवातात मानेचे मणके सैल झालेले असू शकतात, घोड्याचे हिसके त्यांना सोसत नाहीत. तुमची मान दुखत असेल, हातांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसूच नका. ल्यूपसवाल्या मैत्रिणींनी लांब बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी विसरू नये, उन्हानं त्यांचं दुखणं उसळतं. गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवाव्यात, हमालाकडच्या बॅगेत नव्हे. चपला माथेरानच्या प्रसिद्ध खऱ्या, पण त्या घरी नेऊन घाला. तांबड्या मातीच्या उतारावर पट्ट्याचे बूटच बरे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंट. सकाळभर मी काही केलं नाही, ताकद संध्याकाळसाठी राखून ठेवली. वाटेत मी सहा वेळा थांबले. पहिल्या दोन वेळा वहिनी उभ्या राहिल्या, तिसऱ्या वेळी शेजारी बसल्या, चौथ्या वेळी मी थांबायच्या आधी त्याच म्हणाल्या, "हा दगड बरा आहे गं, बस." समोर प्रबळगड काळा होत गेला, सूर्य त्याच्याही पलीकडं उतरला. तिथं तरुण मुलामुलींची झुंबड होती. आम्ही दोघीच दगडावर पदर सावरून बसलेल्या. परतताना पाय जड होते, पण ते साधं दमणं होतं, रात्री झोपलं की जाणारं. तसं दमून मला किती वर्षं झाली होती म्हणून सांगू!

गुरुवारी सकाळी निघायच्या तयारीत होतो तोच ह्यांचा फोन आला. "काय, झाला का सूर्योदय बघून?"

मी काही बोलायच्या आत वहिनींनी फोन घेतला. "नाही हो भावजी, आम्ही आत्ताच उठलो. तिची बोटं गरम पाण्यात आहेत, मागाहून करते तुम्हांला फोन," म्हणाल्या, आणि बादलीतलं पाणी निवलंय का ते हात घालून पाहिलं.